वाचासाहाय्यक यंत्राची जुळणी आणि मराठी भाषा : एक ऐतिहासिक विवेचन

१

पनवेल तालुक्यातील एका विशेष शाळेत काही वर्षांपूर्वी पाहिलेल्या एका प्रसंगापासून प्रस्तुत विवेचनास आरंभ करणे सोयीचे होईल. मेंदूच्या पक्षाघातामुळे जिला उच्चार करता येत नाही अशी बारा-तेरा वर्षांची एक विद्यार्थिनी बोलण्यासाठी एका पाटीवजा यंत्राचा उपयोग करीत असे. यंत्राच्या पडद्यावरील चित्रावर बोट ठेवले की त्या चित्राशी जोडलेले वाक्य यंत्रातून ऐकू येई. शाळा सुटण्याच्या वेळी तिने घराचे चित्र दाबले आणि यंत्र पुरुषी आवाजात म्हणाले, ‘मी घरी जातो.’ वर्गातील मुले हसली. तिने पुन्हा एकदा तेच चित्र दाबून पाहिले. वाक्य तेच निघाले. त्यानंतर तिने त्या चित्राला हात लावला नाही. घरी जायचे असले म्हणजे ती दाराकडे बोट दाखवी. शाळेच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘उपकरणाचा वापर टाळते’ असा शेरा होता.

हा शेरा खोटा नव्हता, पण अपुरा होता. विद्यार्थिनीने जे टाळले ते उपकरण नव्हे, तर उपकरणाने तिच्या तोंडी घातलेले चुकीचे लिंग होय. दोष जुळणीचा आणि नोंद मात्र मुलीच्या नावावर, असा हा प्रकार आहे. शिक्षकांच्या नित्य बोलण्यात ज्याला ‘सेटिंग’ म्हणतात, त्यालाच येथे ‘जुळणी’ म्हटले आहे. कळ किती वेळ दाबून धरावी, पडद्यावर किती चित्रे असावीत, निवडीचा प्रकाश एका घरातून दुसऱ्या घरात किती गतीने सरकावा, आवाज कोणाचा व किती संथ असावा, या सर्व बाबी तीत येतात. ही तंत्रज्ञाने एकदा करून द्यावयाची किरकोळ बाब आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. या उपकरणांचा इतिहास निराळेच सांगतो. बोलू न शकणाऱ्या व्यक्तीवरील भार क्रमाक्रमाने यंत्रावर कसा सोपविला गेला, त्याचा हा इतिहास आहे. प्रथम शरीराची जुळणी झाली, मग काळाची, आणि सर्वांत शेवटी भाषेची. मराठीच्या बाबतीत ही तिसरी जुळणी अद्याप अपुरी आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

बोलणारे यंत्र आणि बोलण्यास साहाय्य करणारे यंत्र या दोन वस्तू मूलतः भिन्न आहेत. व्होल्फगांग फॉन केंपेलेन याने १७९१ साली मानवी वाचेच्या यंत्रणेवर ग्रंथ प्रसिद्ध केला व भाता, पत्ती आणि चामड्याची नळी यांच्या योगाने काही शब्द उच्चारणारे यंत्र तयार केले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या होमर डडली याने रचलेला ‘व्होडर’ १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आला. त्यात बोटांसाठी कळा, मनगटासाठी दांडी आणि स्वराच्या चढउतारासाठी पायपट्टी होती. ते चालविणाऱ्या तरुणींना बोलके वाक्य काढता येण्यासाठी सुमारे वर्षभर शिक्षण घ्यावे लागे. म्हणजे येथे मनुष्यच यंत्राशी जुळवून घेत होता. ज्याचे हात व पाय उत्तम चालतात त्यालाच हे यंत्र वाजविता येई; आणि अशा मनुष्याला बहुधा त्याची गरज नसते.

ही दिशा उलट झाली ती रुग्णालयात. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९६० च्या सुमारास रेज मेलिंग यांनी ‘पॉसम’ नावाचे साधन तयार केले. मानेखालील सर्व शरीर निकामी झालेला रुग्ण एका नळीतून श्वास ओढून किंवा फुंकून विजेची साधने व पुढे टंकलेखन यंत्र चालवू शके. ‘पॉसम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी करू शकतो’ असा आहे. येथे प्रथमच प्रश्न असा विचारला गेला की, या मनुष्याच्या ठिकाणी हुकमी अशी कोणती हालचाल शिल्लक आहे? यंत्राची सारी रचना त्या एका हालचालीभोवती करावयाची, हे या प्रश्नाचे उत्तर होते.

१९७० नंतर अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात ग्रेग व्हँडरहायडन व त्यांचे सहकारी यांनी ‘ऑटो-कॉम’ हा फलक बनविला. ज्याचा हात सतत थरथरतो असा मुलगा अक्षरांवरून हात फिरविताना वाटेतील अनेक अक्षरांना स्पर्श करणार, हे उघड आहे. म्हणून या फलकाने स्पर्शाला निवड मानले नाही. एखाद्या अक्षरावर हात ठराविक वेळ स्थिरावला, तरच ते अक्षर निवडले जाई. आज प्रत्येक यंत्रात आढळणारा ‘स्थिरावधी’ तो हाच. याच परंपरेतून पुढे संगणकातील तीन जुळण्या निघाल्या व १९९५ च्या विंडोज प्रणालीत त्या सर्वांस उपलब्ध झाल्या. जोडीने दाबावयाच्या कळा एकामागून एक दाबू देणे ही पहिली. कळ काही काळ दाबून धरल्याखेरीज ती न स्वीकारणे ही दुसरी. आणि कंपामुळे पुनःपुन्हा दाबली गेलेली कळ एकदाच मोजणे ही तिसरी. या तिन्हींचा उद्देश एकच आहे. हाताच्या हालचालींपैकी हेतुपूर्वक कोणती व अनैच्छिक कोणती, हे यंत्राने ओळखावे.

३

शरीराची जुळणी झाली तरी काळाचा प्रश्न उरतो. ज्याला एकच कळ दाबता येते त्याच्यासाठी ‘क्रमदर्शन’ ही पद्धती वापरतात. पडद्यावरील घरे एकामागून एक उजळत जातात आणि इष्ट घर उजळताच कळ दाबावयाची असते. अठ्ठेचाळीस घरे एकेक करून उजळली, तर एका निवडीस सरासरी साडेचोवीस पायऱ्या लागतात. त्याऐवजी आठ-आठ घरांच्या सहा ओळी करून आधी ओळ व मग त्या ओळीतील घर निवडले, तर ही सरासरी आठ पायऱ्यांवर येते. प्रत्येक पायरीस दोन सेकंद धरल्यास पहिल्या पद्धतीत एका अक्षरास एकोणपन्नास सेकंद लागतील व दुसरीत सोळा. दोन्हीकडे मूल तेच, कळही तीच. पहिल्या मांडणीत मात्र ते ‘मंद’ ठरते आणि दुसरीत वाक्य पुरे करते.

दोन पायऱ्यांमधील हे अंतर ठरविणे ही या क्षेत्रातील सर्वांत नाजूक जुळणी होय. अंतर कमी ठेवले, तर मुलाचा हात कळेपर्यंत पोहोचेतो इष्ट घर निघून जाते आणि सारी फेरी संपेपर्यंत थांबावे लागते. ते फार वाढविले, तर वाक्याचा आरंभ शेवटापर्यंत लक्षात राहत नाही आणि ऐकणाराही उठून जातो. हे अंतर प्रत्येक मुलासाठी निराळे असते. इतकेच नव्हे, तर एकाच मुलासाठी ते सकाळी व दुपारी निराळे असू शकते. थकवा, ताप, बसण्याची पद्धत, खुर्चीची उंची यांसरशी ते बदलते. म्हणून जुळणी ही एकदा करावयाची क्रिया नव्हे. ती शिक्षणाचा नित्याचा भाग आहे.

काळाच्या जुळणीचे जगाला परिचित उदाहरण म्हणजे स्टीफन हॉकिंग. १९८५ साली न्यूमोनियाच्या आजारात श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागल्याने त्यांची वाचा कायमची गेली. वॉल्ट वॉल्टोझ यांनी दिलेल्या प्रणालीच्या साहाय्याने ते पडद्यावरून सरकणारे शब्द हातातील कळेने निवडीत व आरंभीच्या काळात मिनिटास सुमारे पंधरा शब्द बोलत. पुढे हात थकल्यावर ती कळ गालाच्या हालचालीवर नेण्यात आली. जानेवारी २००१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भरलेल्या परिषदेसाठी ते मुंबईत आले, तेव्हा हा आवाज आपल्याकडील श्रोत्यांनीही प्रत्यक्ष ऐकला. हॉकिंग इंग्रज होते, पण त्यांच्या यंत्राचे उच्चार अमेरिकन वळणाचे होते. पुढे अधिक स्वाभाविक आवाज उपलब्ध झाले, तरी त्यांनी तो बदलला नाही. तोच आता आपला आवाज आहे, अशी त्यांची भूमिका होती. आवाज ही व्यक्तीची ओळख असते व तो निवडण्याचा अधिकार वापरणाऱ्याचा असतो, ही गोष्ट या उदाहरणाने ठळक झाली. जो अधिकार हॉकिंग यांनी बजावला, तोच पनवेलच्या त्या मुलीला कोणी दिलेला नव्हता.

४

ज्यांना अक्षरओळख झालेली नाही त्यांच्यासाठी चिन्हे लागतात आणि चिन्हे आली की अर्थाचा प्रश्न येतो. चार्ल्स ब्लिस यांचा जन्म १८९७ साली ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्यात झाला. नाझींच्या छळछावण्यांतून सुटून ते शांघायला पोहोचले. तेथे चिनी लिपी पाहून त्यांना सर्व राष्ट्रांना वाचता येईल अशी चिन्हलिपी सुचली व ऑस्ट्रेलियात १९४९ साली त्यांनी ती ग्रंथरूपाने मांडली. राष्ट्राराष्ट्रांतील गैरसमज मिटविणे हा त्यांचा हेतू होता. तो सिद्धीस गेला नाही. १९७१ साली मात्र कॅनडातील टोरांटो येथे शर्ली मॅकनॉटन व त्यांचे सहकारी यांनी ही लिपी बोलू न शकणाऱ्या मुलांच्या हाती दिली आणि ती मुले बोलू लागली. शिक्षकांनी मुलांच्या गरजेप्रमाणे चिन्हांत भर घातली व काही फेरफार केले. ब्लिस यांना ते मान्य झाले नाहीत आणि प्रकरण दीर्घ वादाचे झाले.

या वादाकडे केवळ स्वभावदोषाचा प्रकार म्हणून पाहणे योग्य होणार नाही. एका बाजूस निर्मात्याची शुद्ध व अपरिवर्तनीय रचना होती आणि दुसऱ्या बाजूस शिकणाऱ्याची आजची निकड. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही तेढ अपरिचित नाही. नियम करणारा व्याकरणकार आणि भाषा वापरणारा समाज यांच्यामधील जुनीच ओढाताण येथे चिन्हांच्या रूपाने पुन्हा प्रकट झाली. या क्षेत्रापुरता तिचा निकाल वापरणाऱ्याच्या बाजूने लागला. आजच्या यंत्रांत चित्र बदलता येते, शब्द घालता येतो, घरांचा क्रम फिरविता येतो. म्हणजे जुळणीचा अधिकार निर्मात्याकडून शिक्षकाकडे आला. तो वापरावयाचा की नाही, हा प्रश्न मात्र शिक्षकाचा आहे.

५

आपल्याकडे या चळवळीचा आरंभ मुंबईत झाला. १९७२ साली मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना करून मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी कुलाबा येथे शाळा काढली. तिच्यामागील प्रेरणा त्यांची कन्या मालिनी छिब ही होती. मालिनीबाईंचे उच्चार परक्यास सहज कळत नाहीत. ‘लाइटरायटर’ या यंत्रावर एका बोटाने टंकलेखन करून त्या बोलतात, आणि त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावातच त्या एका करंगळीचा उल्लेख आहे. त्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या व पुढे लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले. हे यंत्र घडविणारे टोबी चर्चिल हे इंग्रज अभियंते स्वतः आजारात वाचा गमावून बसले होते. १९७३ साली त्यांनी ते बनविले ते आपल्या स्वतःच्या गरजेतून. वापरणारा आणि जुळणी करणारा एकच असला म्हणजे यंत्र किती नेमके होते, याचे हे उदाहरण होय.

तथापि एक मर्यादा येथे नोंदविली पाहिजे. हे यंत्र रोमन कळफलकाचे व इंग्रजी वाचेचे होते. ज्या घरात इंग्रजी बोलले जात होते, त्या घरातील मुलाला ते लाभले. मराठी घरातील मुलाला बोलते यंत्र मिळण्यासाठी दोन गोष्टी आधी घडावयास हव्या होत्या. देवनागरी अक्षर यंत्रात शिरले पाहिजे, आणि मराठी वाक्य यंत्राला उच्चारता आले पाहिजे.

पहिल्या गोष्टीचा इतिहास कानपूर व पुणे या दोन गावांशी निगडित आहे. कानपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेत १९८० नंतरच्या वर्षांत देवनागरी संगणकाचे काम झाले. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक पुढे आणला. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे ‘सी-डॅक’ स्थापन झाले आणि १९९१ साली भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक म्हणून संमत झाली. इनस्क्रिप्टची मांडणी वर्णमालेस अनुसरते. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला, आणि अल्पप्राण व महाप्राण यांची जोडी एकाच कळेवर अशी ही योजना ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने सुंदर आहे. दोन हातांनी लिहिणाऱ्यास ती सोयीचीही आहे. पण एका बोटाने लिहिणाऱ्याकडे पाहावे. महाप्राण उमटविण्यासाठी शिफ्टची कळ धरून ठेवावी लागते. ‘श’, ‘ण’ आणि ‘ळ’ यांचीही तीच गत आहे. परिणामी ‘शाळा’ या दोन अक्षरी शब्दातील दोन्ही व्यंजनांसाठी दोन कळा एकाच वेळी दाबाव्या लागतात. विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी लागणारा हा शब्द एका बोटाला जवळजवळ अशक्य होऊन बसतो. कळा एकामागून एक दाबू देण्याची जी जुळणी वर सांगितली, ती येथे सोय राहत नाही. ती लेखनाची पूर्वअट होते. इंग्रजीत तिचे काम मुख्यतः वाक्यारंभीच्या मोठ्या अक्षरापुरते असते. मराठीत ती शब्दाशब्दाला लागते.

६

क्रमदर्शनाच्या बाबतीत वर्णमाला हे मराठीचे मोठे भांडवल आहे. पाच वर्गांच्या पाच ओळी मांडल्या की पंचवीस व्यंजनांचा चौरस आयताच तयार होतो. इंग्रजी वर्णक्रमास ध्वनीचा आधार नसल्याने तेथे अधिक वापराची अक्षरे आधी घेऊन फलक रचतात व त्यात फारसे गमावत नाहीत. मराठी मुलाने मात्र ‘ट ठ ड ढ ण’ हा पाठ ऐकून ऐकून आत्मसात केलेला असतो. त्याचा हात न चालला तरी पाठांतर चालते. ‘ण’ तिसऱ्या ओळीच्या अखेरीस आहे, हे त्याला पाहण्याआधीच ठाऊक असते. म्हणून शिकणाऱ्याच्या आरंभीच्या काळात वर्णमालेचा क्रम मोडू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परंतु या चौरसाला एक अडचण आहे व ती सहसा ध्यानी येत नाही. क्रमदर्शन वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे चालते. पहिल्या घरातील ‘क’ दोन पायऱ्यांत मिळतो. ‘म’ मात्र शेवटच्या ओळीच्या शेवटच्या घरात असल्यामुळे त्याला दहा पायऱ्या लागतात. चौरसातील याहून दूरचे घर नाही. आता ‘मी’, ‘मला’, ‘माझे’, ‘मागे’, ‘मदत’ हे शब्द पाहावेत. बोलणाऱ्याच्या स्वतःविषयीचे बहुतेक शब्द ज्या अक्षराने सुरू होतात, तेच अक्षर त्याच्यापासून सर्वांत लांब पडते. दोन सेकंदांच्या अंतराने मोजल्यास ‘मी’ म्हणण्यापूर्वीच वीस सेकंद जातात, आणि वेलांटीचा वेळ निराळाच. उलट ‘ङ’ व ‘ञ’ ही सुटी कधीच न लागणारी अक्षरे वाटेत उजळत राहतात. यावर उपाय अवघड नाही. क्रमदर्शनाची दिशा फिरवून आरंभ खालच्या ओळीपासून व उजवीकडून केला, तर ‘म’ दोन पायऱ्यांवर येतो आणि वर्णमाला जशीच्या तशी राहते. अथवा ‘मी’, ‘मला’, ‘माझे’ या शब्दांना चौरसाबाहेर स्वतंत्र घरे द्यावीत. मात्र हा उपाय सुचण्यासाठी यंत्र ज्ञात असून भागत नाही, वर्णमालाही पाहावी लागते.

७

दुसरी गोष्ट म्हणजे मराठी वाक्य उच्चारणारे यंत्र. या बाबतीत मुंबईच्या भारतीय तंत्रशिक्षण संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात रवी पूवय्या व अजंता सेन यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेल्या ‘जेलो’ या साधनाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. ते मराठीतही उपलब्ध आहे. त्यात जेवण, खेळ, माणसे, जागा अशा वर्गांतील चित्रे मध्यभागी असून कडेला आवडणे-नावडणे, होकार-नकार, अधिक-उणे अशा भावदर्शक कळा आहेत. चित्र व भाव यांच्या संयोगातून पूर्ण वाक्य ऐकू येते.

असे साधन मराठीत आणताना व्याकरण कसे आडवे येते, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत ‘आवडणे’ या अर्थाचे क्रियापद वस्तू बदलली तरी बदलत नाही. मराठीत ‘मला आंबा आवडतो’, पण ‘मला भाजी आवडते’, आणि वस्तू अनेक झाल्या की ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूच्या मागे जाते. तेव्हा शब्दाला शब्द जोडून मराठी वाक्य होत नाही. प्रत्येक चित्राचे वाक्य स्वतंत्रपणे बांधावे लागते. दुसरी अडचण सामान्यरूपाची. चित्राखाली ‘घोडा’ असले तरी वाक्यात ‘घोड्याला’ येते आणि ‘पाणी’ हे ‘पाण्यात’ होते. सुट्या शब्दांची चित्रे ओळीने दाबणाऱ्या मुलाच्या तोंडी ‘मी शाळा जा’ अशी विभक्तिहीन भाषा येते. काही वर्षे तीच ऐकल्यावर मुलाचे व्याकरण कच्चे असल्याचा निष्कर्ष निघतो. वस्तुतः विभक्तीचे घरच त्याच्या फलकावर नसते.

तिसरी अडचण लिंगाची, आणि आरंभीचा प्रसंग तिच्यातूनच उद्भवला. मराठीत बोलणारा स्वतःविषयी बोलतानाही आपले लिंग प्रकट करतो : ‘मी जातो’, ‘मी जाते’, ‘मी आलो’, ‘मी आले’. यंत्राच्या जुळणीत स्त्रीचा आवाज व पुरुषाचा आवाज असा पर्याय असतो, पण तो केवळ स्वराचा असतो. आवाज बदलला म्हणून वाक्य बदलत नाही. मराठीत हे दोन पर्याय एकत्र बांधलेले हवेत. काही जण यावर तोडगा म्हणून ‘मला जायचे आहे’, ‘मला भूक लागली’, ‘मी आंबा खाल्ला’ अशा रचना सुचवितात, कारण त्यांत बोलणाऱ्याचे लिंग दिसत नाही. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या आपल्या व्याकरणात प्रयोगांची जी सविस्तर चर्चा केली आहे, तिच्या आधारे अशा वाक्यांची सूची सहज करता येईल. आरंभी ती उपयोगी पडेल हे खरे. पण जिला ‘मी निघाले’ म्हणावयाचे आहे, तिला ते म्हणता आलेच पाहिजे. भाषेचा एक भाग टाळून समतेचा आभास निर्माण करणे हा काही उपाय नव्हे.

चौथी बाब आदरार्थाची. ‘मला पाणी दे’ हे वाक्य आईला चालते, गुरुजींना चालत नाही. तेथे ‘द्या’ हवे. यंत्रात एकच रूप भरले, तर ते मूल एक तर घरात परके वाटते, नाही तर शाळेत उद्धट ठरते. उच्चाराचीही अशीच गोष्ट आहे. ‘चार’ मधील ‘च’ तालव्य व ‘चारा’ मधील दंततालव्य. लेखन मात्र एकच. ‘जग’ म्हणजे विश्व की पाण्याचे भांडे, हे अक्षरांवरून यंत्राला कळत नाही. उच्चारकोशात दुरुस्ती करण्याची सोय अनेक यंत्रांत असते, पण ती करण्यासाठी ज्याचा कान मराठी आहे असा माणूस लागतो.

आणि कोणाची मराठी, हाही प्रश्न पनवेलसारख्या ठिकाणी टाळता येत नाही. १८५२ पासून नगरपालिका असलेले हे जुने गाव २०१६ साली महानगरपालिका झाले व खारघर, कळंबोली, कामोठे या नव्या वसाहती तिच्या हद्दीत आल्या. येथील मूळ वस्तीत आगरी बोली आजही घराघरांत आहे. तीत ‘पाणी’ चे ‘पानी’ होते, ‘ळ’ च्या जागी ‘ल’ ऐकू येतो, आणि ‘गाडी’ पुष्कळांच्या तोंडी ‘गारी’ असते. या घरातील मुलाचे यंत्र मात्र पाठ्यपुस्तकाची मराठी बोलते. शाळेत ती हवी यात शंका नाही. पण आजीशी बोलताना त्याच मुलाला आजीची बोली का मिळू नये? यंत्रात घरच्या माणसाचा आवाज मुद्रित करून घालण्याची सोय बहुधा असते. आजी, आत्या, मावशी यांच्या चित्रांमागे घरातीलच कोणाच्या आवाजातील वाक्ये घातली, तर खर्च काही येत नाही. येतो तो विचार करण्याचा श्रम.

८

साधनांचा अभाव हे कारण आता पुरेसे नाही. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा व श्रवण यांच्या क्षेत्रात कार्य करीत आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठी १९८४ साली सिकंदराबाद येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र तर पनवेल महानगरपालिकेच्याच हद्दीत, खारघर येथे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘संप्रेषण’ या संज्ञेच्या व्याख्येत संवर्धक व पर्यायी पद्धतींचा स्पष्ट समावेश केला आहे. म्हणजे यंत्र आहे, संस्था आहेत, कायदाही आहे. उणीव आहे ती मराठी भाषेचे ज्ञान व यंत्राची जुळणी एकत्र आणणाऱ्या कामाची, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी मोठ्या अंशी आपल्यासारख्या विभागांवर येते.

या दृष्टीने तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक, मराठी वाचासाहाय्यक यंत्रांसाठी लिंग, वचन, आदरार्थ व विभक्ती यांसह बांधलेली मूलभूत वाक्यांची सूची विभागाने तयार करावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधासाठी हा विषय सर्वथा योग्य आहे. दोन, तिच्या जोडीला आगरीसारख्या बोलीतील घरगुती वाक्यांचा संग्रह व्हावा. तीन, आणि ही सूचना सर्वांत सोपी आहे, मुलाच्या प्रगतीविषयी कोणताही शेरा लिहिताना त्या दिवशीची जुळणीही त्याच ओळीत लिहावी : घरे किती, अंतर किती, आवाज कोणता, वाक्ये कोणाची. जुळणी न सांगता लिहिलेला शेरा हा मापाचे नाव न सांगता लिहिलेल्या आकड्यासारखा असतो.

त्या शाळेत यंत्रातील वाक्ये बदलून ‘जाते’, ‘आले’, ‘निघाले’ अशी करण्यास आणि आवाज मुलीचा लावण्यास अर्धा तास पुरला. विद्यार्थिनीने ती एकेक करून सर्व दाबून पाहिली आणि शाळा सुटताना घराचे चित्र पुन्हा दाबले. पुढच्या भेटीत बाईंनी नोंदवही उघडून दाखविली. जुना शेरा त्यांनी खोडला नव्हता. त्याच्याखाली नवी तारीख घालून ‘वाक्ये व आवाज बदलले; वापर करते’ एवढेच लिहिले होते. या क्षेत्रातील नोंद कशी असावी, याचा तो एक चांगला नमुना होय.